धुराचं हक्कसोड

पिंपरी कॅम्पात चष्म्याची दांडी बसवून घेत होतो. डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळे सगळं दुकान तळ्याच्या पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माझा नव्हे, तिचा. माझ्या सदऱ्याला दोन खिसे आहेत. उजव्यात माझा फोन आणि डाव्यात तिचा, बटणांचा, पाठीला रबर लावलेला. ती जाऊन दहा महिने झाले, त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही. रिचार्ज संपला म्हणून मशीनमधली बाई तेवढी बोलते, आणि मी मुकाट्यानं रिचार्ज मारतो. पण त्या दिवशी खऱ्या माणसाचा आवाज आला. "सुभद्राबाई दत्तोबा घारे बोलतायत का?" आणि मी, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं तिच्या तोंडात शेवटचं पाणी स्वतःच्या हातानं घातलं, पटकन म्हणालो, "ती भाकऱ्या थापतेय. बोला, मी तिचा मालक."

"काका, मी योगिनी. चुलीच्या प्रोजेक्टवाली. ओळखलंत का?" न ओळखून काय करतो? चिंचवडच्या ऑफिसातली ही पोरगी अडीच वर्षं आमच्या वाडीला स्कूटीवरून यायची, दरवेळी ओट्यावर बसून माझ्या गोष्टी ऐकायची आणि हसता हसता पेन खाली टाकायची. म्हणाली, "वर्षभर मी दुसऱ्या तालुक्यात होते, तुमच्याकडं येणं झालं नाही. या वेळी तपासणीच्या सॅम्पलमध्ये मावशींचं नाव निघालंय. गुरुवारी बाहेरच्या देशातल्या मॅडम चूल बघायला येणार आहेत. मावशींना तेवढं घरी थांबवा हं." मी म्हणालो, "थांबवतो." फोन बंद झाला आणि मग तो शब्द मला ऐकू आला. थांबवतो. दहा महिन्यांपूर्वी तेवढंच जमलं नव्हतं. दुकानदारानं चष्मा नाकावर चढवला, दुकान पाण्यातून वर आलं, एकेक फ्रेम कडक दिसायला लागली, आणि मला वाटलं, उगाच नीट करून घेतला.

एक सांगतो, हे मी ठरवून केलं नव्हतं. माझी जीभच तसली. भोसरीपासून चाकणपर्यंत मला थापाड्या म्हणून ओळखतात. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये मी तेहतीस वर्षं आधी कोळसा आणि मग तेल जाळलं, आणि कॅन्टीनमध्ये तेवढीच वर्षं पोरांना सांगत आलो की आमच्या चिमणीचा धूर इतका शिस्तीचा, की पहिली पाळी सुटली की तोही कार्ड पंच करून बाहेर पडायचा, नाशिक फाट्यापर्यंत जायचा, आणि ओव्हरटाइम लागला असेल तर तिथूनच मागं फिरायचा. माणसं हसायची. माणसं हसली की मला थांबता येत नाही, हे माझं जुनं दुखणं. सुभद्राचं म्हणणं एकच असायचं, "मी भाकऱ्या थापते, ह्ये थापा मारत्यात. आमच्या घरात दोघांचंबी हात रिकामं न्हाईत." आणि हे बोलताना तिच्या हाताखाली भाकरी फिरत असायची, परातीत पट् पट् पट्, तीन बोटांनी कड सारत, चंद्राला लाज वाटेल अशी गोल. चंद्राचं जाऊ द्या, तीही थापच. गोल होती एवढं खरं.

गुरुवारी सकाळी निघालो तेव्हा सूनबाई, निशिगंधा, डबा भरत होती. संत तुकाराम नगरातला हा फ्लॅट मुलाचा. सुभद्रा गेल्यावर त्यांनी मला वाडीतून इथं आणलं, खिडकीशी खाट दिली, आणि खिडकीत माझं मन रमावं म्हणून एक कुंडीही ठेवली. पोरगी गुणी आहे. "वाडीला कशाला बाबा?" म्हणाली. म्हटलं, चुलीला पाहुणे येणार आहेत. तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "आई नाहीत हे त्यांना माहीत आहे ना?" मी म्हणालो, सांगेन की. "तुम्ही सांगाल?" एवढंच म्हणाली, आणि त्यातला 'तुम्ही' असा काही उच्चारला की मी चप्पल घालताना डाव्या पायाची उजव्यात घातली. तिच्या सासूचा फोन मी चार्ज करतो हे तिला माहीत आहे. चार्जरच्या पिनेशी रोज सकाळी जागा मोकळी ठेवलेली असते.

भोसरीला बस बदलली आणि चाकणच्या बसमध्ये खिडकी मिळाली. मोशीच्या पुढं गाडी ट्रेलरांच्या रांगेत अडकली. प्रत्येक ट्रेलरवर आठ आठ कोऱ्या मोटारी, तोंडं झाकलेल्या, लग्नाला निघालेल्या नवऱ्यांसारख्या. त्यांच्याकडं बघताना मला दरवेळी तिच्या माहेरचं रान आठवतं, कारण तिचं माहेर आता एका मोटार कंपनीचं पेंट शॉप आहे. भावांनी बोलावलं तेव्हा आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. खेडला रजिस्टर कचेरीत नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली, वर हिरवी साडी-चोळी दिली, आणि ती साडी नेसून ती हसत घरी आली. बहिणीनं भावाला रान सोडायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यात कुणाला काही वाटत नाही, आणि जिला वाटतं ती बोलत नाही. पुढं कंपनी आली, रान गेलं, भाऊ पैशानं शहाणे झाले. बसमधून जाताना ती काचेला बोट लावून दाखवायची, "ते तिथं माझा वाटा. आता तिथं गाड्या रंगवत्यात." आवाजात तक्रार नाही, नुसतं जागा दाखवल्यासारखं. तक्रार करणं हा तिचा धर्मच नव्हता. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं होतं.

माझी नोकरी सुटल्यावर आम्ही चाकणच्या मागल्या अंगाला, आमच्या वाडीत, परत राहायला गेलो, आणि हिनं खाणावळ काढली. कंपन्यांतली कंत्राटी पोरं, कुणी लातूरची, कुणी हिंगोलीची, त्यांना हॉटेलची चपाती नको, ज्वारीची भाकरी हवी. दिवसाला शंभराच्या आसपास भाकरी. गॅस चहापुरता, भाकरी चुलीवर. आणि चुलीत काय, तर फळ्या. कंपन्यांत परदेशी यंत्रं येतात ती पाईनच्या पेट्यांत बसून येतात. पेट्या फुटतात, फळ्या भंगारात जातात, तिथून वाडीत. बाभळीचा धूर डोळ्यांना लागतो, पण या फळ्यांचा गोडसर असतो, पिवळट, राळेच्या वासाचा, आणि घशात जाऊन चिकटतो. त्या धुरात तिचं तोंड मला बारा वर्षं दिसलं, आणि नीट दिसलं असं म्हणता यायचं नाही. बॉयलरवरच्या माणसाला धुराचं काय! माझ्या हिशेबी धूर निघतो म्हणजे चालू आहे. कंपनी चालू, घर चालू, बाई चालू.

मग योगिनी आली, नवी चूल घेऊन. पत्र्याची, आत मातीचं अस्तर, बादलीएवढी, चकचकीत. फुकट. फुकट का, हे सुभद्रानं विचारलं, आणि योगिनीनं ओट्यावर बसून समजावलं. या चुलीला लाकूड कमी लागतं, धूर कमी होतो. जो धूर तुमच्या घरातून निघाला असता आणि आता निघणार नाही, तो न निघालेला धूर मोजतात. तो तिकडच्या एका देशाला हवा असतो, कारण त्यांच्याकडचा सगळाच धूर काही त्यांना थांबवता येत नाही. त्यांच्या आणि आपल्या सरकारचा तसा करार आहे. आणि तो धूर एकदा त्यांच्या नावावर लागला की आपल्या देशानं तो पुन्हा आपला म्हणून सांगायचा नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, एक म्हैस दोन दावणींना बांधता येत नाही. मग म्हटलं, "म्हणजे पोरी, जे झालंच नाही ते विकायचं. अगं, हा धंदा मी मिसरूड फुटल्यापासून करतोय." ती हसून हसून भिंतीला टेकली. मग कागद काढला आणि सुभद्राला वाचून दाखवला. या चुलीच्या वापरामुळे जे उत्सर्जन कमी होईल, त्यावरील सर्व हक्क मी राजीखुशीने सोडत आहे. सुभद्रानं हात पदराला पुसले. "म्हंजे हक्कसोडच की ओ बाई." योगिनी गोंधळली. "तसं नाही मावशी... म्हणजे, हो, तसंच." सुभद्रा म्हणाली, "घ्या. भावांना रान दिलं, तुमाला धूर. त्यांनी साडी दिली, तुमी चूल." आणि सही केली, आधी 'सु' मोठा आणि पुढची अक्षरं त्याच्या आडोशाला बसल्यासारखी बारीक.

आता यापुढचं सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि यात मला काही वाढवावं लागत नाही. त्या चुलीवर हिनं एकदाच भाकरी केली. खाणावळीचा तवा मोठा, बिडाचा, तिच्या आईच्या वेळचा. तो त्या लहान तोंडावर बसेना, कलंडायला लागला. आणि भाकरी तव्यावर अर्धीच होते, उरलेली आरावर व्हायची असते. चुलीच्या तोंडाशी निखारा ओढायचा आणि त्याला भाकरी टेकवून उभी करायची, मग ती टम्म फुगते. या चुलीचं पोट बंद. निखारा बाहेर ओढायला जागाच नाही. "ही चूल भाकरीकडं पाठ करून बसलीया," ती म्हणाली, आणि पुन्हा जुन्या चुलीपुढं जाऊन बसली. नव्या चुलीवर पाण्याचा हंडा ठेवला. बैठक चांगली झाली, हंडा हलत नव्हता.

सहा महिन्यांनी योगिनी विचारायला आली. चूल वापरता का, किती वेळा वापरता, काही अडचण? तिच्या फॉर्मवर तक्रारीची एक ओळ होती. ती म्हणालीसुद्धा, "तोंड लहान पडत असेल तर सांगा मावशी, मोठं मॉडेल आलंय, बदलून देऊ, तेही फुकट." सुभद्रा दारात उभी होती, हाताला पीठ, आणि तिनं तोंड उघडलं. माझी बायको, जी भावांपुढं बोलली नाही, सासूपुढं बोलली नाही, ती बोलायला लागली होती. "तव्याचं जरा..." एवढं म्हणाली. आणि मी मधे पडलो. का पडलो? चूल काढून नेतील ही भीती होती, थोडी. फुकटचं घेऊन हंड्याखाली घातलं ही लाज होती, तीही थोडी. पण खरं कारण म्हणजे पोरगी आली होती, ऐकायला बसली होती, आणि माझ्या तोंडात गोष्ट तयार होती. म्हणालो, "अडचण? अगं, या चुलीनं आमच्या पालीचं वाटोळं केलं! आढ्यावरची पाल पिढ्यान् पिढ्या धुरात काळी झालेली. चूल आली, धूर बंद, पंधरा दिवसांत पाल पांढरी फटक. आता तिला भिंतीवर कुणी ओळखत नाही, तिची स्वतःची पोरं ओळखत नाहीत, बिचारी चुन्याच्या भिंतीवरून रडत फिरते." योगिनीचं पेन पडलं. आणि नेमकी त्याच वेळी आढ्यावर खरी पाल चुकचुकली. आमच्याकडं पाल चुकचुकली की बोललेलं खरं धरतात, जमिनीवर बोटानं तीनदा टिचकी मारतात. "बघा, पालही हो म्हणतेय!" योगिनी म्हणाली. सुभद्रा तर आयुष्यभर टिचकी मारत आलेली. तिचं बोट सवयीनं पुढं आलं. ते तिनं हवेतच थांबवलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ती आत गेली. आतून पट् पट् पट् सुरू झालं. योगिनीनं लिहिलं, वापर चालू, दिवसातून तीन वेळा, तक्रार नाही.

बस चाकणच्या चौकात आली तेव्हा मी 'तव्याचं जरा' असं मोठ्यानं बोललो असेन, कारण शेजारचा हेल्मेटवाला पोरगा म्हणाला, "काय म्हणालात काका?" म्हटलं, काही नाही, पुढचा स्टॉप. दोन वर्षं ही पाल वाढत गेली. पुढच्या खेपेला ती गोरी झाल्यामुळं मुंबईच्या पालीचं स्थळ आलं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी काही. आणि सुभद्राला विहिरीची चढण चढताना, मग नुसतं उठताना, मग नुसतं बसल्या बसल्या दम लागायला लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, भला माणूस, कानाची नळी काढून विचारतो, "आजोबा, घरी चुलीवर स्वयंपाक होतो का? धूर असतो का?" तिच्या तोंडावर मास्क. तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हणालो, "छे, डॉक्टर! धूर बघायचा तर विकत आणावा लागेल. आमच्याकडं परदेशी चूल आहे." पाल मात्र सांगितली नाही. एवढी एक गोष्ट मी गिळली, आणि ती अजून खाली उतरलेली नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का? मोठी चूल बदलून आणली असती तर? ठाऊक नाही. 'असतं तर' हा शब्द योगिनीच्या कामात चालतो. असतं आणि नसतं यांच्या मधलं अंतर काढण्याची त्यांच्याकडं रीत आहे. मला ती येत नाही. मी रोज ते अंतर खाटेवर पडून मोजतो, दर खेपेला वेगळं भरतं.

वाडीत शिरलो तर चिमाजी पारावर. माझ्याच वयाचा, दात एक, जीभ शंभर माणसांची. "आला का दत्तोबा! काय राव, शेहरात जाऊन उजाळलास. तुझ्या पालीवानी." मी म्हटलं, पाहुणे येणारेत, तोंड बंद ठेव. "माझं? आरं, माझ्या तोंडात काय हाय बंद करायला, एकच दात." मग उठून जवळ आला आणि हळू बोलला, "वैनी न्हाई म्हणून सांगितलंस का त्यांस्नी?" मी कुलूप काढत होतो. कुलूप गंजलं नव्हतं, तरी निघायला वेळ लावला.

घर जसंच्या तसं होतं. हंडा कोरडा. मी तो उतरवला, आणि खाली ती चूल निघाली, आणलेल्या दिवशी होती तशी चकचकीत, फक्त वर हंड्याच्या बुडाचा गोल डाग. बघणारा बघताक्षणी ओळखेल. मी जुन्या चुलीपुढं बसलो, तिच्या पाटावर, आणि बाजूच्या तोंडाची, वैलाच्या कडेची काजळी तळहातानं खरवडून नव्या चुलीला फासायला लागलो. आत, बाहेर, तोंडाशी. काजळी मऊ होती, तुपकट, हाताच्या रेषांत भरत होती. बारा वर्षांची काजळी. हीच आत, तिच्या आतही, हा विचार आला आणि हात थांबला नाही. तो माझ्या जिभेसारखाच सवयीचा गुलाम. अर्ध्या तासात तीन वर्षं रोज तीनदा पेटलेली चूल तयार झाली. एवढी हुबेहूब थाप मी जन्मात मारली नव्हती, आणि दाद द्यायला घरात कुणी नव्हतं.

त्या आल्या. योगिनी, आणि तिच्याबरोबर कारिन नावाची उंच बाई, पन्नाशीची, सुती कुर्ता घातलेली. तिच्या देशाचं नाव मी सांगत नाही, माझ्या कवळीत ते बसत नाही. थंड देश, एवढं पुरे. तिनं नमस्कार केला म्हणून मीही केला, आणि हात जोडताना दोघींनाही माझे काळेभोर तळहात दिसले. ती चुलीपाशी उकिडवी बसली, आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं. मग योगिनीला काही म्हणाली. "काका, त्या विचारतायत, सुभद्राबाई कुठं आहेत?"

"पाण्याला गेलीय," मी म्हणालो. "येईलच."

योगिनीनं सांगितलं. बाई हसली, ओट्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली ते योगिनीनं मराठीत मला दिलं, "त्या म्हणतायत, घाई नाही. आम्ही थांबतो."

आणि आम्ही थांबलो. मी उंबऱ्याशी, योगिनी भिंतीला, ती बाई ओट्यावर. दारातून विहिरीकडची पायवाट दिसते, उन्हात पांढरी, आणि तिच्या पलीकडं कंपनीची निळी भिंत. तिघंही त्या पायवाटेकडं बघत होतो. त्या दोघी वाट बघत होत्या म्हणून मी बघायला लागलो, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी खरंच वाट बघतोय. मान थोडी डावीकडं कलती, कमरेवर कळशी, पदराचा शेव कानामागं... आता वळणावर दिसेल. दहा महिन्यांत मी एकदाही तिची वाट बघितली नव्हती. गेलेल्या माणसाची कोण बघतं? पण तिघांनी मिळून बघितली तर तिला यायला काय हरकत आहे, असं काहीसं डोक्यात आलं, आणि इतकं गोड वाटलं की मी श्वास रोखून बसलो. वळणावरून चिमाजीची शेळी आली.

कारिनबाई मधेच हसून काही म्हणाली. योगिनीही हसली. "त्या म्हणतात, पांढरी पाल कुठाय? काका, तुमची गोष्ट मी रिपोर्टमध्ये घातली होती. तिकडं ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. सॅम्पलमध्ये या घराचं नाव निघालं म्हणून त्या मुद्दाम स्वतः आल्यात." म्हणजे माझी पाल समुद्र ओलांडून गेली होती. मी आढ्याकडं पाहिलं. तिथं तुळईला पाल होती, काळीकुट्ट, काजळीतून कापून काढल्यासारखी, आणि तिच्या भोवतीचं आढं त्याहून काळं. बाईनंही वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिची नजर खाली आली, तुळईवरून भिंतीवर, भिंतीवरून जुन्या चुलीवर, आणि चुलीशेजारी उरलेल्या फळ्यांवर येऊन थांबली. ती उठली आणि एक फळी उचलली. तिच्यावर काळ्या शाईत काही अक्षरं छापलेली होती. अशी अक्षरं आम्ही बारा वर्षं जाळली. ती वाचताना तिचे ओठ हलले, आपण गावाकडच्या एस्टीची पाटी वाचतो तसे. मग ती योगिनीशी हळू बोलली.

"काय म्हणतात?"

"काका... ही फळी त्यांच्या देशातली आहे. त्यांच्या भाषेत लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

योगिनीनं पुन्हा विचारून घेतलं. "जपून. जपून उचला, असं."

मी म्हणालो, "ती पाण्याला गेली नाही."

हे कुणी बोललं ते कळायला मलाच वेळ लागला. मग पुढचं आपोआप येत गेलं, आणि त्यात एकही गंमत नव्हती. पौषात गेली. दम्यानं. या चुलीवर तिनं एकदाच भाकरी केली, मग तिच्यावर हंडा ठेवला. ही काजळी मी आज सकाळी फासली, हे हात बघा. पाल कधीच पांढरी नव्हती. योगिनी आधी भाषांतर करत होती, मग थांबली, मग पुन्हा करायला लागली, पण आवाज बारीक झाला. सगळं सांगून झाल्यावर ती माझ्याशी एकट्याशी बोलली, "मला का नाही सांगितलंत काका? मी दर सहा महिन्यांनी येत होते. हसत बसत होते इथं." तू हसत होतीस म्हणूनच, हे खरं होतं, पण ते तिच्या पदरात टाकायचं नव्हतं. मग ती म्हणाली, "हे लिहिलं तर नुसतं तुमचं घर जात नाही. एका घरावरून शंभर घरं धरतात. चिमाजीकाकांच्या सुनेची चूल रोज पेटते, मी बघितलीय. तिचंही कमी धरलं जाईल. कदाचित वाडीतलं कामच थांबेल." चिमाजी दारात येऊन उभा होता, कधीपासून कोण जाणे. माझ्या बाजूनं काही बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "सून माझी बोंबलंल, दत्तोबा." मग जुन्या चुलीकडं बघून, "बोंबलू दे. वैनीची भाकर म्या बी खाल्लीया."

कारिनबाईनं सगळं ऐकून घेतलं. फळी अजून तिच्या हातातच होती, ती कुठं ठेवावी हे तिला कळत नव्हतं. तिनं काही विचारलं. योगिनी म्हणाली, "त्या म्हणतात, तुम्ही सांगितलं तेच लिहायचं. आणि कागद मावशींच्या नावावर आहे. घर यादीत ठेवायचं असेल तर वारस म्हणून तुमची सही लागेल, धुराच्या हक्काची. नसेल तर काढून टाकू." आणि तिनं तो जुना कागद पुढं केला. त्याच्यावर मोठा 'सु', आणि त्याच्या आडोशाला बाकीची.

मी तो हातात घेतला नाही, हात काळे होते. म्हणालो, "जो धूर वाचला असता, त्याचा हक्क तिनं सोडलाय. तो तुमचा. पण तो वाचलाच नाही, पोरी. झालेल्या धुराचं हक्कसोड तिनं केलेलं नाही. तो तिच्याकडं आहे. मी कोण सोडणारा?"

योगिनीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि कोरा फॉर्म काढला, पहिल्या खेपेला भरला तसलाच. वापर, यापुढं तिनं 'नाही' लिहिलं. किती वेळा, यापुढं रेघ मारली. मग पेन तक्रारीच्या ओळीवर आलं आणि थांबलं. आत कुठंतरी पट् पट् पट् ऐकू यावं म्हणून मी कान दिला. शेळी ओरडली, कंपनीचा भोंगा झाला. आढ्यावर पाल गप्प होती.

"तक्रार?" तिनं विचारलं.

"लिही. तव्याचं जरा बसत नाही, चुलीचं तोंड मोठं पाहिजे होतं. आणि पुढं निखारा ओढायला जागा. भाकरी उभी राहत नाही."

तिनं अक्षर अन् अक्षर लिहिलं. मग खाली तक्रारदाराच्या नावाची जागा होती. "कुणाचं नाव घालू? तुमचं?"

"नाही. सुभद्राबाई दत्तोबा घारे," मी म्हणालो. "तीच सांगत होती. मी मधे बोललो."